पंधरा दिवस आणि 600 युरो

3 जून 2013 रोजी पॅरिसला खेटून असलेल्या मोंत्रय इथल्या न्यायालयाने एका इंटरनेट ग्राहकाला 600 युरो दंड ठोठावला आणि पंधरा दिवस त्याचे इंटरनेट बंद ठेवण्याची शिक्षा सुनावली. गाणी आणि चित्रपट फुकट उतरवून घेणाऱ्यांची जोडणीच तोडायची, यासाठी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जातीने लक्ष घातले होते. दोन कायदे झाले, दोन्ही वेळा प्रकरण तिथल्या घटना परिषदेपुढे गेले, एक स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि लाखो घरांत इशाऱ्याचे ई-मेल पोहोचले. एवढ्या खटाटोपातून जोडणी तोडण्याची शिक्षा निघाली ती ही एकच. पाच आठवड्यांनी, 8 जुलैला, सरकारने आदेश काढून निष्काळजी ग्राहकाला द्यायची ही शिक्षाच रद्द केली. या फजितीची दोन स्पष्टीकरणे सहसा दिली जातात. स्वातंत्र्यवाद्यांनी गहजब केला म्हणून सरकार नमले, हे एक. तंत्रज्ञान कायद्याच्या पुढे पळाले, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही वरवरची आहेत. मला दिसते ते असे : जोडणी तोडण्याची कल्पना जन्मालाच आली ती आरोप सिद्ध करण्याचे कष्ट टाळण्यासाठी. आरोप आणि शिक्षा यांच्यामध्ये न्यायाधीश उभा राहिला त्या दिवशी तिचे प्रयोजनच संपले.

हे पटण्यासाठी आधी अमेरिकेत काय झाले ते पाहावे लागते. 1999 मध्ये नॅपस्टर आले आणि घराघरांतले संगणक एकमेकांना गाणी देऊ लागले. न्यायालयाने नॅपस्टरला लगाम घातला आणि जुलै 2001 मध्ये ते बंद पडले. पण त्याच्या जागी आलेल्या व्यवस्थांना मध्यवर्ती दुकानच नव्हते, त्यामुळे टाळे ठोकायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला. मग ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने 2003 पासून थेट ऐकणाऱ्यांवर खटले भरले. पुढच्या पाच वर्षांत तीस हजारांहून अधिक लोकांवर ही पाळी आली. त्यांत न्यूयॉर्कची बारा वर्षांची मुलगी होती; तिच्या घरच्यांनी 2000 डॉलर देऊन प्रकरण मिटवले. वेस्ट व्हर्जिनियातली त्र्याऐंशी वर्षांची एक बाई होती, आणि ती खटल्याआधीच वारली होती असे मागून उघड झाले. एका महिलेवर 24 गाण्यांसाठी ज्यूरीने आधी 2,22,000 डॉलर, फेरसुनावणीत 19,20,000 डॉलर आणि तिसऱ्यांदा 15,00,000 डॉलर लादले. अपिलात रक्कम पुन्हा पहिल्या आकड्यावर आली. असे निकाल वर्तमानपत्रांत झळकत आणि प्रत्येक बातमीसरशी कंपन्यांची उरलीसुरली सहानुभूती आटत जाई. डिसेंबर 2008 मध्ये संघटनेने नवे खटले थांबवत असल्याचे जाहीर केले आणि आपण आता इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांबरोबर मिळून काम करू असे सांगितले.

खटल्यांचा मार्ग अडला तो मुख्यतः आयपी पत्त्याच्या जागी. गाण्यांची देवाणघेवाण चालू असताना बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो आकड्यांचा एक पत्ता, आणि त्या पत्त्यावरून कळते ते जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच. जोडणीवर नवरा बसला होता की बायको, भाडेकरू की शेजारच्या घरातून वायफाय वापरणारा पोरगा, हे त्यावरून कळत नाही. 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा मासला दाखवून दिला. त्यांनी प्रयोगासाठी काही आयपी पत्ते मुद्दाम पुढे केले, तेव्हा ज्यांनी एकही फाइल उतरवलेली नव्हती अशा छपाई यंत्रांच्या पत्त्यांवरही स्वामित्वहक्कभंगाच्या नोटिशी आल्या. न्यायालयात या त्रुटीचा समाचार उलटतपासणीत घेतला जातो, आणि उलटतपासणीला वेळ लागतो, वकील लागतो, पैसा लागतो. गाण्यामागे काही पैसे बुडत असताना प्रत्येक ऐकणाऱ्यामागे हजारो डॉलर खर्चायचे हे गणित जमणारे नव्हते. ग्राहकाचे नाव ज्याच्या वहीत आहे त्या पुरवठादारानेच नोटिशी पाठवाव्यात आणि तिसऱ्या नोटिशीनंतर तार काढून घ्यावी, हा उपाय कंपन्यांना त्यामुळेच मोहात पाडत होता. त्यात न्यायालय नव्हते आणि खर्च दुसऱ्याचा होता.

फ्रान्सने या वाटेला जावे याचे नवल अशासाठी वाटते, की संगीताच्या फुकट वापरावर शहाणपणाचा तोडगा जगाला याच देशाने दिला होता. 1847 मध्ये एर्नेस्ट बूर्जे हा गीतकार पॅरिसच्या 'अँबासॅडर' कॅफेत आपल्या दोघा संगीतकार मित्रांसह बसला होता. त्यांचीच रचना तिथे वाजत होती आणि त्यासाठी त्यांना छदामही मिळत नव्हता. माझ्या गाण्याचे पैसे तुम्ही देत नाही तर तुमच्या पेयाचे मी देणार नाही, असे म्हणून त्याने बिल नाकारले. प्रकरण कोर्टात गेले, निकाल बूर्जेच्या बाजूने लागला आणि त्यातून 1851 मध्ये 'सासेम' ही गीतकार, संगीतकार व प्रकाशकांची संस्था उभी राहिली. कॅफेवाल्याने एकदा शुल्क भरायचे, हवी ती गाणी वाजवायची आणि जमलेला पैसा संस्थेने निर्मात्यांत वाटायचा, अशी तिची रीत. जगभर या नमुन्याच्या संस्था निघाल्या. मुंबईत 1969 साली स्थापन झालेली 'आयपीआरएस' ही त्याच कुळातली. पुढे कॅसेटने घरोघरी नक्कल सोपी केली, तेव्हाही फ्रान्सने कोणाच्या घरात शिरून टेपरेकॉर्डर जप्त केले नाहीत. 3 जुलै 1985 च्या कायद्याने कोऱ्या कॅसेटवर छोटासा आकार बसवला आणि तो पैसा कलावंतांकडे वळवला. दोन्ही वेळा सूत्र एकच होते : नक्कल कोणी केली हे शोधत बसू नका, वापराच्या दारातच किंमत घ्या.

हे सूत्र इंटरनेटला लावण्याचा प्रयत्न फ्रान्सच्या संसदेत एकदा जवळजवळ यशस्वी झाला होता, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. 21 डिसेंबर 2005 च्या रात्री, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, नॅशनल असेंब्लीने सरकारच्या मनाविरुद्ध एक दुरुस्ती मंजूर केली. दरमहा ठरावीक रक्कम भरणाऱ्याला फाइलींची देवाणघेवाण खुली करणारा, म्हणजे सरसकट परवान्याचा, रस्ता त्यातून खुला होत होता. सत्ताधारी पक्षातले काही खासदारही बाजूने होते. सरकार खडबडून जागे झाले आणि 2006 च्या वसंतात ती दुरुस्ती काढून टाकण्यात आली. त्याच कायद्यात फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी हलक्या दंडाची जी वेगळी तरतूद होती, ती घटना परिषदेने जुलै 2006 मध्ये समतेच्या तत्त्वावर रद्द केली. त्यामुळे कायद्यात उरली ती पूर्ण नकलेच्या गुन्ह्याची शिक्षा, तीन वर्षे कैद आणि तीन लाख युरो दंड. शाळकरी पोराने एक गाणे उतरवले म्हणून एवढी शिक्षा कोणता न्यायाधीश देणार? परवान्याची वाट स्वतः बुजवली आणि शिक्षेची वाट वापरण्याजोगी उरली नाही, अशा कोंडीत सरकार 2007 मध्ये उभे होते.

राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या सरकारने तोडगा सुचवण्याचे काम सप्टेंबर 2007 मध्ये देनी ओलिव्हेन यांच्यावर सोपवले. ओलिव्हेन हे त्या वेळी 'फ्नाक' या मोठ्या दुकानसाखळीचे प्रमुख होते, आणि फ्नाक सीडी व चित्रपटही विकत असे आणि त्यांच्या नकला ज्यावर साठवतात ती यंत्रेही. 23 नोव्हेंबर 2007 रोजी एलिझे राजवाड्यात संगीत, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट क्षेत्रांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. त्यातून आलेल्या विधेयकाने 'हादोपी' नावाची प्रशासकीय यंत्रणा प्रस्तावित केली. हक्कधारकांनी आयपी पत्ते गोळा करून तिला द्यायचे, तिने पुरवठादाराकडून ग्राहकाचे नाव घ्यायचे, आधी ई-मेल, मग नोंदणीकृत पत्र, आणि तरी प्रकार चालू राहिला तर दोन महिने ते एक वर्ष जोडणी बंद. ग्राहक तडजोडीला तयार झाला तर एक ते तीन महिने. बंदीच्या काळातही जोडणीचे मासिक पैसे त्याने भरायचेच. या यंत्रात न्यायाधीशाला जागा नव्हती. खरी मेख मात्र आणखी खोल होती. कायदा नक्कल करणाऱ्याला पकडत नव्हता, तो जोडणीच्या धन्याला पकडत होता : तुझ्या जोडणीवरून गैरप्रकार होऊ नये याची काळजी तू घेतली नाहीस, हाच तुझा दोष. सुटका हवी असेल तर मान्यताप्राप्त सुरक्षा सॉफ्टवेअर बसवले होते किंवा परक्या माणसाने जोडणीत घुसखोरी केली, हे त्यानेच दाखवायचे. म्हणजे आयपी पत्त्याची त्रुटी दूर झालीच नाही. तिचा भार फिर्यादीच्या खांद्यावरून उचलून आरोपीच्या खांद्यावर ठेवला गेला.

संसदेतला तमाशा इतका रंगला की त्यावर स्वतंत्र लिहिता येईल. 2 एप्रिल 2009 रोजी रात्री उशिरा विधेयक असेंब्लीत मंजूर झाले तेव्हा सभागृहात जेमतेम सोळा सदस्य होते. आठवड्याभराने, 9 एप्रिलला, अंतिम मसुद्यावर मतदान आले. सत्ताधाऱ्यांची बाके रिकामी पाहून समाजवादी खासदार पडद्याआड दबा धरून बसले, ऐनवेळी आत शिरले आणि विधेयक 21 विरुद्ध 15 मतांनी पडले. सरकारने ते पुन्हा आणले आणि 12 मे रोजी 296 विरुद्ध 233 मतांनी संमत करून घेतले. तिकडे युरोपीय संसदेने 6 मे रोजी, न्यायालयीन निर्णयाशिवाय वापरकर्त्याच्या मूलभूत हक्कांवर बंधन घालता येणार नाही अशी दुरुस्ती 407 विरुद्ध 57 अशा प्रचंड बहुमताने उचलून धरली होती. याच सुमारास सार्कोझींच्या पक्षाने 'एमजीएमटी' या अमेरिकी बँडचे गाणे परवानगीशिवाय आपल्या कार्यक्रमात वाजवल्याचे उघड झाले आणि भरपाई देऊन प्रकरण मिटवावे लागले. पक्षाची जोडणी कोणी तोडली नाही.

10 जून 2009 रोजी घटना परिषदेने या कायद्याचा कणा मोडला. तिने आधार घेतला 1789 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा. कलम 11 मध्ये विचार आणि मते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे. आजच्या काळात त्या हक्कात इंटरनेटवरील सेवांपर्यंत पोहोचण्याचे स्वातंत्र्य अंतर्भूत आहे, आणि असा हक्क काढून घेण्याचा अधिकार प्रशासकीय यंत्रणेच्या हाती देता येणार नाही, असे परिषदेने म्हटले. हे वाक्य जगभर गाजले आणि 'फ्रान्सने इंटरनेट हा मूलभूत हक्क ठरवला' असे मथळे झळकले. निकालाचा दुसरा भाग मात्र फारसा चर्चेत आला नाही, आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. परिषदेने कलम 9, म्हणजे दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानण्याचे तत्त्व, पुढे करून सांगितले की निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार जोडणीच्या धन्यावर टाकून कायद्याने दोषित्वाचे गृहीतक उभे केले आहे. पहिल्या मुद्द्यावर सरकारकडे उत्तर होते : यंत्रणेऐवजी न्यायाधीश नेमा. ऑक्टोबर 2009 च्या दुसऱ्या कायद्याने ते केलेही. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर नव्हते, कारण भार उलटा करणे हाच त्या कायद्याचा प्राण होता.

दुसऱ्या कायद्याने मग कसरत केली. 'ठळक निष्काळजीपणा' नावाचा किरकोळ गुन्हा निर्माण केला गेला. दोन इशाऱ्यांनंतरही वर्षभरात जोडणीवरून पुन्हा नक्कल झाली, तर 1500 युरोपर्यंत दंड आणि एक महिन्यापर्यंत इंटरनेट बंद. निर्णय सुनावणीविना, कागदपत्रांवरून, संक्षिप्त पद्धतीने करण्याची मुभा. तरीही शेवटी सही न्यायाधीशाची हवी होती आणि फाइल सरकारी वकिलाकडून जायला हवी होती. त्या फाइलींतून बाहेर आले ते चित्र बघण्यासारखे आहे. सप्टेंबर 2012 मध्ये बेल्फोर इथे या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली, 150 युरो दंड. आरोपी चाळिशीतला कारागीर होता. गाणी उतरवली होती त्याच्यापासून वेगळी होत असलेल्या पत्नीने, आणि तिने तसे न्यायालयात सांगितलेही. शिक्षा मात्र त्याला झाली, कारण जोडणी त्याच्या नावावर होती आणि आपल्या घरात कोण काय उतरवते हे ठाऊक असल्याचे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरल्याचे उदाहरण विरळाच. जो काहीच बोलला नसता त्याच्याविरुद्ध सिद्ध करण्यासारखे फार थोडे होते. आयपी पत्ते गोळा करणाऱ्या खासगी कंपनीच्या सर्व्हरवरून मे 2011 मध्ये माहिती फुटली आणि काही काळ यंत्रणेला तिच्याशी असलेला थेट दुवा तोडावा लागला. जोडणी सुरक्षित ठेवली नाही म्हणून नागरिकांना जाब विचारणाऱ्या व्यवस्थेची ही कथा. जाता जाता हेही सांगायला हवे, की हादोपीने जानेवारी 2010 मध्ये दिमाखात मांडलेल्या बोधचिन्हातले अक्षरवळण फ्रान्स टेलिकॉमच्या खास मालकीचे निघाले आणि बोधचिन्ह घाईघाईने बदलावे लागले.

इतर देशांत हेच नाटक वेगवेगळ्या लांबीचे झाले. न्यूझीलंडमध्ये जोडणी तोडण्याची तरतूद करणाऱ्या कलम 92-अ विरुद्ध फेब्रुवारी 2009 मध्ये लोकांनी आपापली छायाचित्रे काळी करून निषेध केला आणि सरकारने ते कलम मागे घेतले. 2011 च्या नव्या कायद्यात जोडणी तोडण्याची तरतूद कागदावर राहिली, अमलात आणली गेली नाही. पण त्या कायद्यातली एक साधी अट पाहण्यासारखी आहे : हक्कधारकाने प्रत्येक नोटिशीमागे पुरवठादाराला 25 डॉलर द्यायचे. चित्रपट कंपन्यांनी हे शुल्क परवडत नाही म्हणून नोटिशी पाठवल्याच नाहीत. संगीत कंपन्यांनी लवादापुढे नेलेल्या पहिल्या प्रकरणात, जानेवारी 2013 मध्ये, 616.57 डॉलर वसूल झाले. ज्या हानीची भरपाई म्हणून अख्ख्या घराचे इंटरनेट तोडावे असे सांगितले जात होते, तिच्यापायी चित्रपट कंपन्या 25 डॉलरही खर्चायला तयार नव्हत्या. आयर्लंडमध्ये कायदा न करताच चार मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जानेवारी 2009 मध्ये एअरकॉम या पुरवठादाराशी न्यायालयाबाहेर समझोता केला. 2010 च्या ऑक्टोबरात घड्याळे एक तास मागे घ्यायची वेळ आली तेव्हा एअरकॉमच्या एका सर्व्हरचे घड्याळ तसेच राहिले, आणि सुमारे 300 ग्राहकांना दुसऱ्यांच्या करणीच्या नोटिशी गेल्या. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये, संसद विसर्जित होण्याच्या अखेरच्या दिवसांत, घाईघाईने कायदा केला; त्यातली ही यंत्रणा कधीच चालू झाली नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण माझ्या मांडणीला छेद देते असे कोणी म्हणेल. तिथे 2009 पासून संस्कृतिमंत्र्यांच्या आदेशाने वारंवार नक्कल करणाऱ्यांची खाती सहा महिन्यांपर्यंत बंद ठेवता येत होती, आणि काही शे खाती खरोखर बंद झालीही. पण बंद होत होते ते फाइली साठवणाऱ्या विशिष्ट सेवेवरचे वापरकर्त्याचे खाते. ई-मेलचे खाते कायद्यानेच वगळले होते आणि घरात येणारी तार शाबूत राहत होती. खाते एका माणसाचे असते, त्याच्याच कृतीची नोंद त्यात असते, म्हणून तिथे आरोप आणि आरोपी यांची गाठ बरी बसते. घराच्या जोडणीबाबत ती बसत नाही. कोरियाचा अनुभव त्यामुळे माझे म्हणणे खोडत नाही, उलट तार आणि माणूस यांतले अंतर अधोरेखित करतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप कलावंतांच्या बाजूने येतो, आणि तो झटकून टाकता येणार नाही. 2000 नंतरच्या दशकात फ्रान्समधली ध्वनिमुद्रित संगीताची विक्री निम्म्याहून खाली आली. ज्यांची नोकरी गेली, ज्यांचा दुसरा अल्बम निघालाच नाही, त्यांना 'आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे' हे ऐकवणे क्रूर वाटेल. शिवाय भीतीचा उपयोग होतो असा पुरावाही आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासाने फ्रान्समधल्या आयट्यून्सच्या विक्रीची इतर पाच युरोपीय देशांशी तुलना केली आणि हादोपीचा बोलबाला झाल्यावर सुट्या गाण्यांची विक्री अपेक्षेपेक्षा 22.5 टक्के आणि अल्बमची 25 टक्के वाढल्याचे दाखवले. अभ्यास चांगला आहे. पण त्यातला काळ नीट पाहावा. वाढ सुरू झाली ती 2009 मध्ये कायद्यावर रणे माजली तेव्हा. पहिला ई-मेल गेला ऑक्टोबर 2010 मध्ये, आणि तार तोडण्याची एकमेव शिक्षा झाली 2013 मध्ये. म्हणजे श्रेय द्यायचे तर ते चर्चेला आणि इशाऱ्याला द्यावे लागेल, तोडण्याला नव्हे. फ्रान्समधल्या इंटरनेट वापरकर्त्यांच्या पाहणीवर आधारलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाला तर कायद्याचा जरब बसवणारा परिणाम आढळलाच नाही. जाणकार लोक हादोपीची नजर जिथे पोहोचत नव्हती अशा मार्गांकडे वळल्याचे त्यात दिसले. दोन अभ्यासांतला वाद अर्थशास्त्रज्ञांनी मिटवावा. जोडणी तोडल्याने एका कलावंताला एक युरो मिळाला, असे दोन्हींपैकी एकही म्हणत नाही.

आणखी एक युक्तिवाद त्या काळी वारंवार केला गेला : बेफाम गाडी चालवणाऱ्याचा परवाना आपण काढून घेतो, मग इंटरनेटने काय घोडे मारले? परवाना एका माणसाच्या नावाचा असतो, तो गेल्याने त्याच्या मुलीचे बसने शाळेत जाणे थांबत नाही, आणि गाडी कोण चालवत होते हे ठरवल्याशिवाय तो काढून घेतला जात नाही. बिल थकले की वीज कापतातच ना, असेही विचारले गेले. तिथे थकबाकी ग्राहकाची आणि देणे वीज कंपनीचेच असते. इथे पैसे वेळेवर भरणाऱ्या ग्राहकाला त्याचाच पुरवठादार, तिसऱ्याच कोणाच्या तक्रारीवरून, सेवा नाकारणार होता. ज्यांना ही तुलना चपखल वाटली त्यांनी घरच्या जोडणीवर अर्ज भरणारा, औषधांची चौकशी करणारा, नोकरी शोधणारा माणूस विचारात घेतला नव्हता. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फ्रँक ला रू यांनी 2011 च्या अहवालात फ्रान्स आणि ब्रिटनच्या कायद्यांचा नाव घेऊन उल्लेख केला आणि स्वामित्वहक्कभंगासाठी लोकांचे इंटरनेट तोडण्यास स्पष्ट विरोध नोंदवला.

भारताने हा मार्ग कायद्यात आणला नाही. 2012 मध्ये आपला स्वामित्वहक्क कायदा सुधारला गेला तेव्हाही ऐकणाऱ्याची जोडणी तोडण्याची तरतूद त्यात शिरली नाही; आपल्याकडचा भर संकेतस्थळे रोखण्यावर राहिला. तरी आरोप आणि पुरावा यांतला हाच वाद मुंबई उच्च न्यायालयात 2016 मध्ये उभा राहिला. 'ढिशूम' चित्रपटाच्या निर्मात्यांनी प्रदर्शनाआधी शेकडो दुव्यांची यादी देऊन ते बंद करण्याची मागणी केली होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी यादीवर डोळे मिटून आदेश द्यायला नकार दिला : प्रत्येक दुवा तपासा, तपासल्याचे शपथेवर सांगा, आणि आदेश अख्ख्या संकेतस्थळावर नव्हे तर नेमक्या दुव्यापुरता मागा. बंद केलेल्या पानावर 'हा मजकूर पाहणे हाही गुन्हा आहे' अशा अर्थाचा जो इशारा झळकत असे, तोही कायद्याला धरून नाही असे त्यांनी पुढच्या आदेशात म्हटले आणि इशाऱ्याची शब्दरचना बदलण्यास सांगितले. मोंत्रयपासून दूर, वेगळ्या कायद्याखाली, कसोटी तीच लावली गेली : आधी दाखवा, मग तोडा. अमेरिकेत मात्र ही लढाई वेगळ्या अंगाने पुन्हा पेटली. नोटिशी येऊनही ग्राहकांच्या जोडण्या तोडल्या नाहीत म्हणून डिसेंबर 2019 मध्ये एका ज्यूरीने कॉक्स या पुरवठादाराला संगीत कंपन्यांना शंभर कोटी डॉलर देण्यास सांगितले. अपील न्यायालयाने 2024 मध्ये ती रक्कम रद्द केली. पुरवठादाराच्या डोक्यावर अशी टांगती तलवार असली की तो नोटीस खरी की खोटी हे तपासत बसणार नाही, मुकाट्याने तार काढेल. म्हणजे घटना परिषदेने जे सरकारला करू दिले नाही ते भीतीपोटी खासगी कंपनी करू लागेल.

फ्रान्समधल्या संगीताला पुढे तगवले कशाने, याचे उत्तर ओलिव्हेन यांना काम सोपवले गेले त्याच्या एक महिना आधीच पॅरिसमध्ये तयार होते. 'ब्लॉगम्युझिक' नावाचे फुकट गाणी ऐकवणारे एक संकेतस्थळ सासेमच्या तक्रारीमुळे बंद पडले होते. त्याच्या तरुण चालकांनी सासेमशीच वाटाघाटी केल्या, करार केला, आणि ऑगस्ट 2007 मध्ये तेच संकेतस्थळ 'डीझर' या नावाने कायदेशीररीत्या उघडले. कॅफेच्या काळातली रीत नव्या दुकानाला लागू पडली होती. सरकारने मात्र हादोपी पोसली. 2020 पर्यंत तिच्यावर सुमारे 8 कोटी 20 लाख युरोंचा सरकारी पैसा खर्च झाला होता, इशारे एक कोटीहून अधिक गेले होते, आणि न्यायालयांनी ठोठावलेल्या दंडांची एकूण रक्कम भरली सुमारे 87,000 युरो. 1 जानेवारी 2022 रोजी हादोपी दूरचित्रवाणी व रेडिओवर देखरेख करणाऱ्या संस्थेत विलीन झाली आणि 'आर्कोम' ही नवी संस्था अस्तित्वात आली. 2009 च्या विधेयकाने न्यायाधीशाला न विचारता वर्षभर तार तोडण्याचा अधिकार मागितला होता. आर्कोमच्या वाट्याला आला तो ई-मेल पाठवण्याचा आणि फाइल सरकारी वकिलाकडे देण्याचा.